चिठ्ठीत नसलेला पाय

फिजिओथेरपिस्ट साहेबांना दवाखान्यात सगळे पाठीमागे ‘चिठ्ठीसाहेब’ म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं. तळमजल्यावरच्या शेवटच्या खोलीत पंचवीस वर्षं त्यांनी लोकांचे आखडलेले खांदे सोडवले, गुडघे वाकवले, लकवा झालेल्यांना दोन दांड्यांच्या मधून पुन्हा चालायला शिकवलं. हाताला गुण होता, त्याबद्दल वाद नाही. पण डॉक्टरांच्या चिठ्ठीत उजवा गुडघा लिहिला असेल तर डाव्याला बोट लावायचे नाहीत. नियमच तसा होता. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी त्यांनी चिठ्ठीशिवाय एका हमालाची मान मोकळी करून दिली आणि लेखी ताकीद ओढवून घेतली. तेव्हापासून माणूस असा नाकासमोर चालायला लागला की विचारता सोय नाही. घरी बायको म्हणायची, “माझी पाठ धरलीय. बघता, की आधी चिठ्ठी आणू?”

आसपासच्या चाळीस गावांना मिळून हा एकच थेरपिस्ट. त्याच्यापर्यंत पोचायचं तर आधी डॉक्टरांची वेळ मिळवा, मग चिठ्ठी, मग यांची तारीख. यात वर्ष सहज जायचं. शेवटी सरकारला जाग आली, आणि नव्या कायद्यासाठी नेमलेल्या समितीपुढे साक्ष द्यायला साहेबांनाच बोलावलं. साहेब असे बोलले की समितीनं बाकं वाजवली. “लोक आजारानं अधू होत नाहीत, चिठ्ठीची वाट बघून अधू होतात,” हे त्यांचं वाक्य दुसऱ्या दिवशी छापून आलं. बायकोनं ते कात्रण कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं.

कायदा झाला. रुग्णानं आता चिठ्ठीशिवाय थेट यायचं, आणि बाहेरच्या प्रांतातल्या थेरपिस्टांनाही पुन्हा परीक्षा न देता इथं काम करायची मुभा. साहेबांच्या खोलीत दुसरं टेबल आलं, माणूस पुढच्या महिन्यात येणार होता.

नव्या कायद्याच्या पहिल्या दिवशी साहेब इस्त्रीचा शर्ट घालून अर्धा तास आधीच हजर. सफाईवाल्या मावशी म्हणाल्या, “आज काय मुलगी बघायला निघालात?” साहेब चक्क हसले. टेबलावर नव्या फॉर्मचा गठ्ठा होता. त्यात पाठवणाऱ्या डॉक्टरांची ओळच नव्हती, आणि त्याचा साहेबांना कोण अभिमान.

पहिल्या आल्या त्या शिवणकाम करणाऱ्या काकू. डावा पाय गुडघ्यातून उंच उचलत, पाऊल फटकन आपटत आत आल्या आणि खुर्चीत बसल्या.

साहेबांनी पेन उघडलं. “काय होतंय?”

“पाऊल उचलत नाही. बोटं जमिनीला घासतात. मशीनचं पायडलही मारता येत नाही.”

“कधीपासून?”

“झाली की चार वर्षं.”

“यापूर्वी कोणाला दाखवलं होतं?” साहेबांनी फॉर्ममधला पुढचा प्रश्न वाचला.

“तुम्हालाच,” काकू म्हणाल्या.

साहेबांनी मान वर केली. बाई थट्टा करत नव्हती. “खांद्यासाठी आले होते ना तुमच्याकडे. बारा वेळा. खांदा छान केलात, देव भलं करो तुमचं. तेव्हाच मी म्हटलं होतं, पंधरा दिवस झाले, पाऊल लोंबतंय. तुम्ही म्हणालात, चिठ्ठीत पाय नाही, दुसरी चिठ्ठी आणा. डॉक्टरांची वेळ मिळाली आठ महिन्यांनी. ते म्हणाले, वय झालं.”

साहेबांना आठवलं, आणि नुसता चेहरा आठवला असता तरी बरं झालं असतं. त्यांना ती चाल आठवली. बारा वेळा ही बाई याच दारातून फटक फटक करत आली होती आणि पहिल्याच दिवशी, ती बसायच्या आत, त्यांनी ओळखलं होतं की गुडघ्याच्या बाजूला नस दबलीय. ओळखून त्यांनी खांदा हातात घेतला होता. उपचार करायला नियमाची बंदी होती, कबूल. पण डॉक्टर याच इमारतीत, वरच्या मजल्यावर बसत. जिना चढून ‘एवढी एक ओळ लिहून द्या’ म्हणायला कुठल्या नियमानं अडवलं होतं?

ते खाली बसले. पाय हातात घेतला. नडगीच्या बाहेरच्या बाजूचं मांस पार झडलं होतं. “वर उचला,” ते म्हणाले. काकूंनी दात आवळून जोर लावला. पाऊल जागचं हललं नाही. साहेबांनी पुन्हा उचलायला सांगितलं, मग पुन्हा, आणि तिसऱ्यांदा सांगताना आपण कशासाठी सांगतोय हेच त्यांना कळेना.

“येईल ना?” काकूंनी विचारलं.

“आता नाही येणार. पट्टा बांधून देतो, चालताना घासणार नाही. पण पाऊल आपोआप नाही उचलायचं.”

काकू म्हणाल्या, “आणि तेव्हा?”

साहेबांना काहीही सांगता आलं असतं. नसांचं काही खरं नसतं, म्हणता आलं असतं, आणि ते अगदीच खोटंही नव्हतं.

“तेव्हा बहुतेक आलं असतं,” ते म्हणाले. “मला दिसलं होतं, काकू. तुम्ही सांगायच्या आधीच दिसलं होतं.”

आता ही बाई ओरडेल, उठून जाईल, असं त्यांना वाटलं. तसं झालं असतं तर ते सुटले असते. काकू आपल्या पावलाकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, “सून रोज म्हणते, तुम्हीच अंगावर काढलंत. मीही तेच धरून चालले होते, की माझ्याच आळसानं पाय गेला.”

पाय अजून साहेबांच्या हातातच होता.

“जरा घरी येऊन तिला सांगाल?”