वाऱ्याचे झाकण

निवृत्त शिक्षकाने उतारवयात लेखणी उचलावी, हे धाडसच. वाचकांनी क्षमा करावी.

आचऱ्याच्या आमच्या हापूस कलमांवर फवारणी करायला आलेल्या त्या गृहस्थाचे नावही मी विचारले नव्हते. वर्षाची सारी आशा त्या मोहोरावर होती. बाटलीवर लिटरला अर्धा मिलिलिटर औषध असे प्रमाण होते. म्हणजे दोनशे लिटरच्या पिंपाला शंभर मिलिलिटर, लिटरचा दहावा भाग. त्याने 'दहा मिलीचे' म्हणून दाखवलेल्या झाकणाने दहा मापे ओतली. प्रत्येक वेळी तो झाकण नाकाशी नेई. मग माझ्याकडे तिरके पाहत त्याने अकरावे ओतले.

"हे कशाला?"

"ह्यां वाऱ्याचां. वारो काय आपलो वाटो सोडता?"

औषध कमी पडले तर तुडतुडे मोहोर खाणार. अधिक झाले तर तो करपणार. मी झाकण पाहायला मागितले, तेव्हा त्याने ते खिशात टाकले.

"मास्तर, इस्वास नसलो तर पंप चालू करणंय नाय."

मी पिंपापासून बाजूला झालो. पंप सुरू झाला.

आज तो मोहोर अर्धा काळवंडला आहे. तुडतुड्यांमुळे की औषधामुळे, मला सांगता येत नाही. उरलेली कलमे फवारायला तो उद्या येणार आहे. तुम्ही त्याला येऊ द्याल का?