चढलेली पेटी

आमच्या वाद्यवृंदात एक नियम होता आणि तो मीच केला होता. सूर लावताना मोबाइलवरचा तानपुरा चालणार नाही. मी व्हायोलिनवर काळी एकचा, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा, सा लावीन, बाकी सगळ्यांनी तो माझ्याकडून घ्यायचा. काळी एक माझ्या डोक्यात पक्की होती. झोपेतून उठवलं असतं तरी गाऊन दाखवली असती. रहिमतपूरच्या पिंजाऱ्याच्या घरात जन्मलेल्या माझ्याकडे मिरवण्यासारखं दुसरं काही नव्हतं. कान तेवढा होता, आणि त्याचा मला गर्व होता. गर्व कसला, माज होता.

त्याच कानावर पोट भरलं. सांगलीत विश्रामबागला कॉलेजात संगीत शिकवलं, साथीच्या व्हायोलिनवर प्रबंध लिहिला, गावोगावच्या मैफलींत साथ केली, आणि उतारवयात हा वृंद बांधला. लोक म्हणायचे, सरांचं तोंड वाईट पण सूर चोख. मला ते कौतुक वाटायचं.

मागच्या वर्षी साधा ताप आला. ताप गेला, कानातली शिट्टी राहिली. सांगलीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, नस अधू झाली आहे, पुढे आणखी होईल. मशीननं आवाज मोठा येईल, सूर दुरुस्त होणार नाही. मी त्यांच्यावरच खेकसलो आणि बाहेर आलो. बायकोला सांगितलं, मळ होता, काढला.

त्यानंतरच्या तालमीत पेटी चढी लागली. आमचा पेटीवाला कोरेगावचा, माझ्याच वयाचा. पलटणीतून निवृत्त झालेला, आता घरचा ऊस बघतो. वडिलांची जुनी पेटी मांडीवर घेऊन दर रविवारी रेल्वेनं सांगलीला यायचा. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "पेटी चढली आहे तुमची. मिरजेला दाखवा, सूर उतरवून आणा."

त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं. "व्हय सर," म्हणाला.

काही दिवसांनी पेटी आली ती माझ्या व्हायोलिनशी तंतोतंत जुळली. "बघा, मी काय म्हणत होतो!" मी म्हणालो. त्याच सुमारास बासरीवाले दोघं यायचे बंद झाले. आजकालच्या पोरांना चिकाटी नाही, असं म्हणून मी मोकळा झालो. वृंद गोड वाजत होता. सगळे एकमेकांशी जुळलेले होते, मग वाईट वाजेल कसा?

साताऱ्याच्या कार्यक्रमाला बाहेरचा एक बासरीवादक पाहुणा होता. पडदा उघडायच्या आधी त्यानं सा फुंकला आणि थांबला. "सर, आपली पट्टी जरा उतरलेली वाटते."

"तुमची बासरी चढलेली आहे," मी म्हणालो. "तीस वर्षं काळी एक लावतोय मी."

 त्यानं खिशातून मोबाइल काढला, तानपुरा लावला आणि जमिनीवर ठेवला. तो तानपुराही मला चढाच लागला. मी पेटीवाल्याकडे वळलो. "सांगा यांना."

तो खाली मान घालून बसला होता. "पाव्हणं बरोबर हायती, सर. पेटी तुमच्या कानाला लावून आणलीया. मिरजंत आतल्या पितळी पट्ट्या घासून सूर उतरवून घेतलं."

"मला का नाही सांगितलं?"

"पलटणीत सायबाचं घड्याळ चुकलं, तर समद्यांनी आपलं त्येच्यावर लावायचं असतं. बोलायचं न्हाई." मग म्हणाला, "आन् तुमास्नी कोण सांगणार, सर? लय लागलं असतं तुमास्नी."

मी आजूबाजूला बघितलं. सगळ्यांना माहीत होतं. आमचे बासरीवाले त्यासाठीच गेले होते; बासरी काही घासून उतरत नाही. सतारवाल्या बाईंनी डोळे पुसले तेव्हा मला त्यांच्या कानाखाली आवाज काढावासा वाटला. मरणाची लाज वाटली. सगळ्यांनी पाहुण्याच्या सा ला वाद्यं पुन्हा लावली. मी समोर उभं राहून हातानं लय दिली, दाद आली, पण माझ्या डोक्यातल्या सा शी ते सगळं वादन भांडत होतं. पेटीवाला भाता बंद ठेवून शेवटपर्यंत बसून राहिला.

मी वृंद सोडला. आठवडाभरानं तो पेटी घेऊन सांगलीला घरी आला.

"पुन्हा घासून चढवून घ्या ती," मी चिडून म्हणालो. "बापाची पेटी अशी नासवतात का?"

"पट्ट्या पातळ झाल्यात. आता घासलं तर तुटतील." त्यानं पेटी सतरंजीवर ठेवली. "ही आता कुणासंगं जुळत न्हाई, सर. फकस्त तुमच्यासंगं जुळती. काढा व्हायोलिन."

नाही म्हणवेना. मी व्हायोलिन काढलं, डोक्यातला सा लावला. त्यानं भाता हलवला, सा दाबला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

ती उतरवलेली पेटीही माझ्या सा ला चढी होती. कान आणखी घसरला होता.

"जुळतीया न्हवं?" त्यानं विचारलं. माझा सा त्यालाही ऐकू येतच होता.

"जुळतेय," मी म्हणालो.

"व्हय," तो म्हणाला, आणि आम्ही दोघांनी वाजवायला सुरुवात केली.