ग्लासगोच्या ड्रायव्हरची मुलगी

इथे आखातात, अल गराफातल्या आमच्या शाळेच्या लायब्ररीत मी सात वर्षं काम करते. पहिली पाच वर्षं माझ्यावर एक बाई होत्या. स्कॉटलंडच्या, ग्लासगो शहरातल्या. उंच, साठीच्या घरातल्या, केस अगदी बारीक कापलेले. मुलं त्यांना 'मिस' म्हणत. मी मनातल्या मनात 'बाई' म्हणायची आणि एकदा ते तोंडातून निघूनच गेलं. त्यांनी अर्थ विचारला. आमच्याकडे शिकवणाऱ्या बाईंना असंच म्हणतात, असं सांगितल्यावर म्हणाल्या, "मग असू दे." आमचं सगळं बोलणं इंग्रजीत व्हायचं, पण मला ते आठवतं मराठीत.

आणि शिकवलं त्यांनीच. मी सटाण्याची, बी.कॉम. झालेली. नवऱ्याच्या गॅस कंपनीतल्या नोकरीमुळे इथे आले आणि अल नस्रच्या फ्लॅटमध्ये बसून कंटाळले म्हणून हे काम धरलं. पुस्तकाला प्लास्टिकचं कव्हर घालताना आत हवा राहू नये म्हणून पट्टी कशी फिरवायची, इथपासून मला काही येत नव्हतं. बाई एकदा सांगायच्या, दुसऱ्यांदा करून दाखवायच्या, तिसऱ्यांदा नुसत्या बघायच्या. ते बघणं पुरायचं.

पाचव्या वर्षी बारावीतली एक सुदानी मुलगी प्रोजेक्टचा कागद घेऊन आली. विषय होता, ब्रिटिश शहरांतल्या गुन्हेगारी टोळ्यांचा इतिहास. एका टीव्ही मालिकेमुळे मुलांमध्ये तेव्हा त्या विषयाची लाटच होती. लांब कोट, चपट्या टोप्या, घोड्यांच्या शर्यती. बाईंनी कागद वाचला आणि माझ्याकडे सरकवला.

"हे तू बघ."

एरवी त्या कुठलंच काम दुसऱ्यावर ढकलत नसत. मला जरा नवल वाटलं.

मग दोन महिने मी तेच वाचत होते. घरी माझी मुलगी म्हणायची, "आई, यू आर रीडिंग अबाउट गँगस्टर्स अगेन?" शर्यतींवर पैजा घेणाऱ्या बुकींकडून टोळ्या पैसे उकळायच्या, ते वाचताना मी तिला म्हटलं, "अगं, हा तर आपला हप्ता!" बर्मिंगहॅम, शेफील्ड, लंडन, ग्लासगो, शहरं वेगळी, गोष्ट तीच. एका खोलीत आठ-आठ माणसं, जिन्यावर सगळ्यांत मिळून एक संडास, कारखान्याला टाळं. गल्लीगल्लीची टोळी. कॅथलिकांची निराळी, प्रोटेस्टंटांची निराळी.

एका दुपारी ती मुलगी माझ्या टेबलाशी बसून मोठ्याने वाचत होती. टोपीच्या कडेला ब्लेड शिवलेलं असायचं, वगैरे. पलीकडून बाईंचा आवाज आला.

"खोटं आहे ते. ब्लेड महाग होतं तेव्हा. टोपीला शिवायला कुणाला परवडणार? साधा दाढीचा वस्तरा असायचा. माझे आजोबा कोटाच्या वरच्या खिशात ठेवायचे."

मग त्या मुलीने डोळे मोठे करून विचारलं, "मिस, तुमचे आजोबा गँगस्टर होते?"

"नाही," बाई म्हणाल्या. "बेकार होते. संध्याकाळी करायला दुसरं काही नव्हतं."

आणि परत आलेल्या पुस्तकांवर शिक्के मारू लागल्या.

फेब्रुवारीत मधल्या सुट्टीत त्यांना फोन आला. बाईंचं शाळेतलं इंग्रजी धुतलेल्या काचेसारखं स्वच्छ होतं. त्या दिवशी फोनवर त्या जे बोलत होत्या त्यातलं मला निम्मंही कळलं नाही. शब्द गिळलेले, स्वर उंच, वेगळीच चाल. पण ते काय आहे हे मी ओळखलं. फोनवर आईचं "काय करी राहिनी व माय?" ऐकलं की मीही अशीच अहिराणीत घसरते. बाई घरच्या माणसाशी बोलत होत्या.

फोन ठेवून त्या म्हणाल्या, "बहीण होती. वडील हॉस्पिटलात आहेत, आता फार दिवस नाहीत म्हणते." ड्रॉवर बंद करत म्हणाल्या, "मी त्यांना बेचाळीस वर्षांत पाहिलेलं नाही." आणि मग, जणू त्याच वाक्याचा उरलेला भाग असावा तसं, "शुक्रवारी तुझी गाडी मोकळी आहे का?"

शुक्रवारी सकाळी मी मुलीला नवऱ्यावर सोपवलं आणि आम्ही उत्तरेला निघालो, मदिनत अश शमालपर्यंत. गावातल्या छोट्या टपरीवरून करक चहाचे दोन कागदी पेले घेतले आणि समुद्राशी गाडी लावली. ओहोटी होती. पाणी पार लांब गेलं होतं.

बाई समोर बघत बोलू लागल्या.

त्यांचे वडील आधी लॉरी चालवायचे. मग त्या भागाच्या दादाची गाडी चालवू लागले. पब, टॅक्स्या, अगदी आइस्क्रीमच्या गाड्यासुद्धा त्या माणसाच्या ताब्यात होत्या. कोणती गाडी कोणत्या रस्त्यावर उभी राहील हे तो ठरवायचा. आई बिस्किटांच्या कारखान्यात पहाटेच्या पाळीला जायची, म्हणून मुलींच्या वेण्या वडील घालायचे. "फार हळुवार हात होता त्यांचा," बाई म्हणाल्या. "आई घालायची तेव्हा डोळ्यांत पाणी यायचं. ते घालायचे तेव्हा मला झोप यायची."

एकदा टोळीने व्हिस्कीची समजून एक लॉरी पळवली. उघडली तर आत लहान मुलांची पुस्तकं. टोळीत पुस्तकांना गिऱ्हाईक कुठलं? वडिलांनी तीन खोकी घरी आणली. बाईंनी ती सगळी वाचली, परत परत वाचली.

"मी चोरीच्या मालातून लायब्ररियन झाले," त्या म्हणाल्या आणि हसल्या. "हे मी इंटरव्ह्यूत कधी सांगितलं नाही."

मीही हसले. मग त्यांनी दुकानदाराचं सांगितलं.

त्यांच्या गल्लीच्या कोपऱ्यावर जालंधरहून आलेल्या माणसाचं दुकान होतं. पाव, दूध, वर्तमानपत्रं, गोळ्या-चॉकलेटं. माणूस बोलघेवडा. पंजाबी सुरात अस्सल ग्लासगोची बोली बोलायचा आणि शाळेतून येणाऱ्या प्रत्येक पोराला काही ना काही चिडवायचा. हप्ता द्यायला त्याने नकार दिला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदाही.

"मी सतरा वर्षांची होते. शाळेतून येत होते. दुकानासमोर आमच्या वडिलांची गाडी उभी, इंजिन चालू. वडील आत बसलेले. त्यांनी मला पाहिलं. मी हात हलवला." बाईंनी पेला डॅशबोर्डवर ठेवला. "त्यांनी काच वर घेतली."

दोन माणसं दुकानातून आली, गाडीत बसली, गाडी गेली. मागोमाग दुकानदार दारात आला. गालावर वर्तमानपत्राची घडी दाबलेली, आणि ती बघता बघता लाल होत होती.

"त्या संध्याकाळी मी वडिलांना विचारलं, तुम्ही का केलंत हे? ते म्हणाले, मी तर गाडीतून उतरलोसुद्धा नाही." बाईंनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "खरं होतं ते. जन्मभर ते गाडीतून उतरलेच नाहीत."

अठरा पूर्ण झाल्यावर त्यांनी घर सोडलं. पुढे वडील तुरुंगात गेले. तिथून पत्रं यायची, ती त्या न उघडता परत पाठवायच्या. नोकरी करत आधी इंग्लंड, मग इथे.

"आणि तरी मला ती गल्ली हवी असते," त्या म्हणाल्या. "इथे बावीस वर्षं झाली, तिच्या आठवणीशिवाय एक दिवस गेला नाही. ओल्या कोळशाचा वास. दुपारी वारा फिरला की कारखान्याकडून येणारा बिस्किटांचा वास. जिना धुणाऱ्या बायका, त्यांच्या शिव्या. सगळं पाडलं. वरून मोटारींचा रस्ता गेलाय. एकदा मी नकाशावर शोधलं, तर आमचं घर रस्त्याच्या मधल्या मार्गिकेत येतं."

मला सटाण्याच्या पोस्टामागच्या आमच्या दोन खोल्या आठवल्या. तिथे आता पार्किंग आहे.

"तू काय केलं असतंस?" बाईंनी विचारलं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "माझे वडील पोस्टात होते. त्यांनी कधी कुणाचं वाकडं केलं नाही, त्यामुळे मला काही ठरवायची वेळच आली नाही. एवढंच सांगते, ते गेले तेव्हा मी इथे होते. पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. तीन वर्षं झाली, अजून मी विमानातच बसलेली असते."

बाईंनी माझ्या हातातला रिकामा पेला घेतला, आपल्या पेल्यात बसवला आणि म्हणाल्या, "यल्ला, निघू या."

दुसऱ्या आठवड्यात त्या महिनाभराच्या रजेवर गेल्या. जायच्या आदल्या दिवशी त्या सुदानी मुलीला बोलावून म्हणाल्या, "तुझ्या प्रोजेक्टमध्ये टोळ्यांची चौदा पानं आहेत. ज्यांच्या तोंडावर वार झाले त्यांचं एकही नाही. एक तरी लिही." तिने तीन लिहिली.

तिसऱ्या आठवड्यात बाईंचा राजीनामा आला. एचआरमधल्या माणसाने मला जिन्यातच सांगितलं, "खलास. शी इज नॉट कमिंग बॅक." मी लायब्ररीत गेले आणि त्यांच्या खुर्चीवर न बसता दिवसभर काम केलं. खुर्चीवर बसायला मला पुढची टर्म उजाडली.

बाई आठवड्यातून एकदा फोन करायच्या. वडील हॉस्पिटलातून वृद्धांच्या घरात गेले होते. कधी बाईंना नर्स समजायचे, कधी धाकट्या मुलीची मैत्रीण. क्वचित एखाद्या सकाळी ओळखायचे आणि मग लाजल्यासारखे खिडकीकडे बघायचे. अशाच एका सकाळी बाईंनी विचारलं, "त्या दिवशी काच का वर घेतलीत?"

त्यांनी गुडघ्यांवरची शाल वर ओढली. मग म्हणाले, "थंडी होती."

"मे महिना होता," बाई मला फोनवर म्हणाल्या. एवढंच. मी फोन ठेवला नाही, त्यांनीही नाही.

ऑक्टोबरात ते गेले. बाई खाली चहा आणायला गेल्या होत्या.

मला वाटलं, आता त्या परत येतील. खरं तर तशी आशाच होती. जागा अजून भरली नव्हती. मी विचारलंही. त्या म्हणाल्या, "आधी एक काम आहे."

दुकानदार केव्हाच वारला होता. त्याची मुलगी, जी त्या वेळी पाळण्यात होती, ती आता त्याच शहरात दातांची डॉक्टर होती. बाईंनी पत्ता काढला आणि तिच्या घरी गेल्या. दारात उभ्या राहूनच आपण कोण ते सांगितलं. तिने आत घेतलं, चहा ठेवला, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आम्हाला सांगितलं होतं की गाडीला अपघात झाला. नंतर पप्पांनी दाढी वाढवली. आम्हाला वाटायचं, धर्मासाठी." आणि मग, "हे आत्ता मला का सांगताय? तुम्हाला हलकं वाटावं म्हणून?"

बाई उठल्या. ती म्हणाली, "कृपा करून परत येऊ नका."

पंधरा दिवसांनी तिचंच पत्र आलं. तिला एक विचारायचं होतं. तिने पाहिलेले वडील फारसे बोलत नसत. काउंटरच्या मागे उभे राहायचे, सुटे पैसे द्यायचे, मान हलवायचे. ते खरंच आधी पोरांना चिडवायचे का? काय म्हणायचे? कुठल्या आवाजात?

तेव्हापासून दर शनिवारी बाई तिच्याकडे जातात. ज्या माणसाला तिने कधी पाहिलंच नाही, त्याच्यासारखं बोलून दाखवतात. पहिल्या शनिवारी दोघीही रडल्या, दुसऱ्या शनिवारी ती म्हणाली, पुन्हा म्हणा ते, वेणीवालं. मी फोनवर विचारलं, वेणीवालं म्हणजे काय? बाईंनी त्या पंजाबी-ग्लासगो सुरात, तो त्यांच्या वेण्यांवरून काय चिडवायचा ते म्हणून दाखवलं आणि स्वतःच हसत सुटल्या. मला एक शब्द कळला नाही. त्या परत येणार नाहीत, हे मात्र त्या हसण्यातून कळलं.

फोन ठेवल्यावर लायब्ररी मला फार मोठी वाटली. सगळे दिवे चालू होते, एसी चालू होता, मुलं घरी गेली होती.

त्या शुक्रवारी मी आईला फोन लावला. एरवी मी भाजी, गुडघे, पाणी आलं का, एवढंच विचारते. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. त्या दिवशी विचारलं, "माझ्या जन्माच्या आधी दादा कसे होते?"

"आज काय झालं तुला?" आई म्हणाली. मग तिने सुरुवात केली, थेट अहिराणीत, लग्नाआधी दादा पहिल्यांदा तिच्या गावी आले होते तिथपासून. नवी सायकल, उतारावरचा ओढा, आणि पोस्टमास्तर होऊ घातलेला माणूस सगळ्या गावादेखत चिखलात. माझी मुलगी शेजारी येऊन बसली. "व्हॉट इज शी सेइंग?" तिने विचारलं. मी फोन स्पीकरवर टाकला आणि आईला म्हटलं, "पहिल्यापासून सांग."