दुपारी दोन ते चार कूलर बंद

भिंतीवर लाटण्याचे तीन ठोके पडले की समजायचे, बाई तापल्या. त्यानंतरही आपल्या घरातला आवाज थांबला नाही, तर बाई स्वतः दारात येत. चष्मा कपाळावर, लाटणे हातात तसेच. आणि ठरलेला प्रश्न, "काय वाजून राहिलं गा तुझ्या घरात?"

तुमच्याही शेजारी कोणी तरी असे राहिले असेल, ज्याच्या धाकाने तुम्ही स्वतःच्या घरात भांडी जपून ठेवली असतील. नागपूरच्या लकडगंजातल्या आमच्या गल्लीत ते काम बाईंकडे होते. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या, भाड्याच्या एका खोलीत राहणाऱ्या. त्यांची आणि आमची भिंत एकच. मी तेव्हा लाकडाच्या डेपोत कारकून होतो, आणि माझे डोके बाईंपेक्षा थंड होते असे कोणी म्हणणार नाही.

भांडण सुरू झाले ते माझ्या कूलरवरून. मे महिना, पारा पंचेचाळीसवर, आणि आमच्या खिडकीत नवा कोरा पत्र्याचा कूलर बसलेला. गल्लीत तो तिसराच. त्याची घरघर मला संगीतासारखी वाटायची. पहिल्याच दुपारी भिंतीवर ठोके पडले. मी दुर्लक्ष केले. बाई दारात आल्या.

"दोन ते चार बंद ठेव."

"काहून?"

"मले काम आहे."

"बाई, दोन ते चारच तं जीव जाते उन्हानं! तुमाले आवाज सहन होत नसन तं कानात कापूस घाला."

"माह्या कानाचं सोड," त्या कडाडल्या. "ज्याले ऐकाचं आहे त्याच्या कानात कापूस घालू का?"

ज्याला ऐकायचे होते तो शालिक. बाईंचा जुना विद्यार्थी, नववीतच शाळा सोडून हिंगण्याच्या एका कारखान्यात लागलेला. तिथे काही तरी फुटले, आणि त्याचे दोन्ही डोळे गेले, डावा कानही गेला. कारखान्याच्या साहेबांनी इस्पितळात येऊन सांगितले होते, मॅट्रिक हो, तुला टेलिफोनच्या बोर्डावर बसवतो. तोंडी सांगितले होते. शालिकने ते बाईंना सांगितले आणि बाईंनी ते कागदावर लिहून दिल्यासारखे मानले. ऑक्टोबरच्या परीक्षेला त्याने बसायचे, बाईंनी सगळी पुस्तके कॅसेटवर वाचायची, त्याने घरी ऐकायची. शालिकचा भाऊ हिंगण्याहून रोज शहरात कामाला यायचा. संध्याकाळी जाताना तो कॅसेट घेऊन जायचा.

पहिली कॅसेट परत आली. शालिक म्हणाला, "बाई, तुमचा आवाज बारीक येते. कूलरच जास्त बोलते."

हे ऐकूनही मी कूलर बंद केला नाही. मला राग होता तो बाईंच्या बोलण्याच्या पद्धतीचा. कोणी विनंती केली तर मी अंगातला सदरा काढून देईन. हुकूम केला तर घडीचा रुमालही देणार नाही. बाईंना विनंती करता येत नव्हती, त्यामुळे आमचे आठ दिवस फुकट गेले. म्हणजे माझे नाही, शालिकचे.

त्या आठ दिवसांत बाईंनी आधी स्वतःच्या घरातला आवाज काढला. त्यांचा टेपरेकॉर्डर जुना, त्यात वेगळा माइक जोडता यायचा. वीज लावली की त्यात "घूंऽऽ" असा आवाज भरायचा. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने सांगितले, सेलवर चालवा. सेलवर तो आवाज गेला. मग कळले की टेपरेकॉर्डर फिरतो त्याचाही आवाज माइक पकडतो. तो लांब ठेवला, वायरीला तुकडा जोडून घेतला. टेबलावर कोपर टेकले तरी धडधड यायची, म्हणून माइकखाली चौपदरी घोंगडी आली. भिंतीवरचे घड्याळ स्वयंपाकाच्या ओट्यावर गेले आणि तिथे त्याच्यावर पातेले पालथे पडले. हातातल्या दोन बांगड्या निघाल्या. पंखा तर बंदच.

"मी गप्प झाली की हे डबडं दुसऱ्याचं ऐकते," बाई त्या टेपरेकॉर्डरलाही रागवायच्या. ते खरे होते. बाई वाक्याच्या शेवटी थांबल्या की त्या यंत्रात मागचा आवाज आपोआप मोठा व्हायचा, आणि माझा कूलर पुढे यायचा.

शेवटी त्यांनी खाटेला मच्छरदाणीच्या काठ्या बांधल्या आणि चहूबाजूंनी गोधड्या सोडल्या. आत बाई, माइक, पुस्तक आणि एक टॉर्च. नागपूरच्या मे महिन्यात! माझी आई दारातून बघून आली आणि म्हणाली, "बाप्पा, ही बाई मरन तिथं." तेव्हा मी निमूटपणे म्हटले, ठीक आहे, दोन ते चार बंद. बाईंनी आभार मानले नाहीत. "आठ दिवस उशिरा," एवढेच म्हणाल्या.

तीन आठवडे मी शब्द पाळला. मग नरखेडहून जावई आले. बहिणीचा नवरा, मोसंब्यांच्या बागेचा मालक, लग्नानंतर पहिल्यांदा आमच्याकडे. बरोबर दुपारी दोनला एसटीतून उतरले. आई माझ्या कानाशी येऊन फणकारली, "जावई घामानं भिजून राहिले अन् तू कूलर बंद ठेवून राहिला? बहिणीले काय तोंड दाखवू मी?"

मी कूलर लावला. थोड्याच वेळात भिंतीवर तीन ठोके पडले. जावयांनी विचारले, "कोण ठोकून राहिलं?"

"सुतार हाय बाजूले," मी म्हणालो.

हे वाक्य आठवले की आजही मला स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते. बाई दारापर्यंत आल्या होत्या. जावयांच्या चपला पाहून परत गेल्या. पाहुण्यांदेखत तमाशा करणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. आणि संध्याकाळी कॅसेट न्यायला शालिकचा भाऊ येणार होता, म्हणून तशाच वाचत राहिल्या.

रविवारी शालिक स्वतः आला. मी दारापुढच्या ओट्यावर होतो. तो म्हणत होता, "चालते बाई, अर्धं तं समजलं." तो गेल्यावर बाई माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि साऱ्या गल्लीने ऐकावे असे बोलल्या. "जावई तुझा अन् परीक्षा त्याची! अर्धं समजलं म्हणते तो. अर्ध्यावर पास करते का कोणी आंधळ्याले?" मग कॅसेट माझ्या हातात ठेवली. "हे दोन धडे आता तू वाचशीन. उद्या डेपोतून सुट्टी घे."

मी गेलो. घाबरून गेलो, दुसरे कारण नाही.

गोधड्यांच्या आत बसल्यावर पाच मिनिटांत माझा सदरा अंगाला चिकटला. नागरिकशास्त्राचा धडा होता, मूलभूत हक्कांचा. बाई बाहेर स्टुलावर. "माइकच्या तोंडात नको बोलू, बाजूनं बोल. 'प' म्हणते तं फटाका फुटते." मी बाजूने बोललो. "पान वाजलं. पहिल्यापासून." पहिल्यापासून. "तू वाचून राहिला का धापा टाकून राहिला?" पुन्हा पहिल्यापासून. चौथ्या वेळी माझे पोट गुरगुरले आणि बाई म्हणाल्या, "हेही गेलं आत." हसू त्यांना आले की मला, ते गोधडीमुळे दिसले नाही.

बाई गल्लीत आमच्यासारख्याच बोलायच्या. वाचताना मात्र त्यांची भाषा धुतलेली, अक्षर न् अक्षर वेगळे, आणि मलाही त्यांनी तसेच वाचायला लावले. दुसरा धडा सुरळीत चालला होता. पानभर झाले, दोन पाने झाली. मला स्वतःचाच अभिमान वाटू लागला. आणि तेवढ्यात भिंतीपलीकडून घरघर सुरू झाली. मी घरात नाही असे पाहून आईने कूलर लावला होता.

माझ्या डोक्यात जी आग गेली, ती मी विसरणार नाही. गोधडी फेकून मी बाहेर आलो आणि आपल्याच घराच्या भिंतीवर दोन्ही मुठी आपटल्या. पलीकडून आई ओरडली, "बाई, पोरगा घरी नाही हो! आल्यावर सांगते त्याले!"

बाई स्टुलावर बसून होत्या. पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "आता समजलं?"

त्यानंतर आमचे भांडण संपले असे नाही, पण आम्ही एका बाजूने भांडू लागलो. भंगारवाला, बर्फाचा गोळेवाला, समोरच्यांचा रेडिओ, सगळ्यांशी. शालिक लेखनिक घेऊन ऑक्टोबरात बसला आणि पास झाला. नागरिकशास्त्रात सगळ्यांत जास्त गुण. त्या दिवशी बाईंनी मला पेढा दिला आणि लगेच म्हणाल्या, "स्कूटर काढ. हिंगण्याले जाऊ."

साहेबांच्या खोलीत एसी घुमत होता. बाईंनी आत शिरताच सांगितले, "आधी ते बंद करा, मले बोलाचं आहे." साहेबांनी बंद केला नाही. गुणपत्रिका वरवर पाहिली आणि म्हणाले, "बाई, तेव्हा आम्ही सहानुभूतीने बोललो होतो. त्याला एका कानाने ऐकू येत नाही. टेलिफोनच्या कामाला कसा ठेवणार?"

"फोन दोन कानांनी कोण ऐकते?" बाई म्हणाल्या.

साहेबांनी गुणपत्रिका परत सरकवली. उत्तर सुचले नाही की मोठी माणसे काय म्हणतात ते तुम्हालाही माहीत आहे. साहेब म्हणाले, "विचार करू."

तो विचार सव्वा वर्ष चालला. दर महिन्याला बाई शालिकचा हात धरून बसने हिंगण्याला जायच्या. कधी साहेब मीटिंगमध्ये, कधी मुंबईला. पहारेकरी स्टूल द्यायचा, तेवढाच माणुसकीचा. मी एकदा म्हणालो, "बाई, सोडा आता." त्या माझ्यावर इतक्या चिडल्या की दोन दिवस बोलल्या नाहीत.

मार्चमध्ये, होळीच्या आधी, बाई गेल्या. सकाळी दूधवाल्याने दार वाजवले, उघडले नाही. घाटावर गल्लीतला एक जण म्हणाला, "चला, आता रेडिओ मोठ्यानं लावता येईन." लोक हसले. मी त्याची कॉलर धरली. आम्हाला सोडवायला चार माणसे लागली, आणि मला त्याची लाज नाही.

मे महिन्यात एका दुपारी डेपोतला फोन वाजला. मी उचलला. पलीकडे शालिक होता. अक्षर न् अक्षर वेगळे, धुतलेले. "नमस्कार. मी कंपनीच्या टेलिफोन बोर्डावरून बोलतो आहे." मग एकदम आपल्या बोलीत आला. "भाऊ, आजच बसवलं. पहिला फोन कोणाले लावू, समजे ना. बाईच्या घरी तं फोनच नोयता."

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. तोंडातून निघाले ते हे, "आता काहून फोन करून राहिला? मार्चमध्ये कराचा होता, बाई होत्या तेव्हा!"



"मार्चमदी मी साहेबाच्या दारापाशीच बसून होतो, भाऊ. बाईनंच नेलं होतं. आत कोणी घेतलंच नाही."

मी काही तरी बोलायला तोंड उघडले. तेवढ्यात त्याच्याकडे दुसरी घंटा वाजली.

"साहेबाची लाइन हाय," शालिक म्हणाला. "जोडून द्या लागते." आणि त्याने माझा फोन ठेवला.