घरच्या माणसाची काच

माझी थोरली नणंद दवाखान्याच्या लॅबमध्ये हिवतापाच्या काचा तपासते. नणंद म्हटली की लोक कान टवकारतात, म्हणून आधीच सांगते, ताई मला कधी टाकून बोलल्या नाहीत. बोटातून थेंब घ्यायचा, काचेवर पसरायचा, वाळवून रंग चढवायचा आणि मायक्रोस्कोपला डोळा लावून बसायचं, हे त्यांचं काम. इतकी सवय झालीय की घरी धान्य निवडतानाही एक डोळा मिटतात.

"डास चावला की जंतू लगेच दंगा करत नाहीत," एकदा भांडी घासताना त्या सांगत होत्या. "आधी यकृतात जाऊन गुपचूप वाढतात. मग रक्तात उतरतात, तांबड्या पेशीत शिरतात, आतून पोखरतात आणि ती फोडून पुढची धरतात. ही फोडाफोडी झाली की माणूस थंडीने कुडकुडतो."

"मेले पाहुणे म्हणून येतात नि घरमालक होतात," मी म्हटलं.

लॅबमध्ये एक रिवाज आहे. घरच्या माणसाची काच आपण बघायची नाही, शेजारच्याला द्यायची. नव्या मुलींना हे ताईच शिकवतात.

माझ्या पहिल्या बाळाच्या वेळी सातव्या महिन्यात मला ताप भरला. ताईंनी माझं बोट टोचलं आणि काच कोणाला न देता स्वतःच बघितली. त्यांना राहवलं नाही. संध्याकाळी हसत घरी आल्या. "साफ आहे गं. निवांत झोप." काच खरंच साफ होती, डोळ्यांत तेल घालून बघितली होती त्यांनी. पण दुसऱ्या कोणी बघितली असती, तर गरोदर बाई म्हणून नेहमीचा शेरा मारला असता की ताप आहे, उद्या पुन्हा रक्त घ्या. घरातल्या काचेवर शेरा कोण मारणार? तापही उतरला आणि मीही विसरून गेले.

पुढच्याच आठवड्यात कळा आल्या. मुलगा झाला, इवलासा. तो रडलाच नाही.

"हिलाच जपता आलं नाही," सासूबाई व्हरांड्यात म्हणाल्या. मला आत ऐकू आलं. माझा नवरा तिथेच उभा होता, पण त्याने आईला अडवलं नाही. त्याचा राग मला अजून आहे.

ताईंनी बाळाबरोबर पडलेल्या वारेचा तुकडा नर्सकडून मागून घेतला, त्याची काच केली आणि सासूबाईंना हाताला धरून लॅबमधल्या स्टुलावर बसवलं.

"आई, बघ. हे काळे ठिपके दिसतात ना? जंतू बोटाच्या रक्तात नव्हतेच, वारेत दडून बसले होते. तिथे चिकटतात नि बाळाचं पोषण अडवतात. हे मला माहीत होतं. पुन्हा रक्त घ्यायला हवं होतं, मी घेतलं नाही. हिचा दोष नाही, माझा आहे."

हे मला नंतर नवऱ्याने सांगितलं. सासूबाईंना त्या भिंगातून काय दिसलं, देव जाणे. त्या माझ्या खाटेपाशी आल्या आणि माझ्या पायांवरचं पांघरूण सारखं करत राहिल्या.

ताई गप्प बसल्या असत्या तर कोणाला कळलं असतं? कोणाला नाही. तरी मी त्यांच्याशी बरेच महिने धड बोलले नाही. खोटं कशाला सांगू, पोटचं गेलं होतं माझं.

आता पुन्हा दिवस गेलेत. काल अंग कणकणलं, तशी मी आपण होऊन लॅबमध्ये गेले आणि ताईंपुढे बोट धरलं. थेंब घेऊन त्यांनी काच शेजारच्या बाईंच्या टेबलावर ठेवली आणि बाहेर बाकावर माझ्याजवळ येऊन बसल्या.

"तुम्ही नाही बघत?" मी मुद्दाम विचारलं.

"नाही. आणि साफ निघाली तरी उद्या परत यायचंय."

"येईन."

माझ्या बोटावरचा कापूस त्यांनी दाबून धरला होता. रक्त केव्हाच थांबलं होतं. मी हात सोडवून घेतला नाही.