चपटीतलं पाणी

रोज सकाळी आठच्या सुमाराला आण्णा तळ्याच्या भरावाखाली उभे राहायचे, सदऱ्याच्या आतल्या खिशातून एक चपटी काढायचे आणि एक डोळा मिटून ती उन्हात धरायचे. बराच वेळ बघून झालं की स्वतःशीच म्हणायचे, "आज निवळ हाय." मग बाटली पुन्हा खिशात.

आता तुम्हीच सांगा, हे पाहून तुम्ही काय समजला असता? मीही तेच समजलो. सकाळी आठ वाजता, कामावर, चपटी! माझी सगळी नोकरी बसगाड्यांतली तिकिटं तपासण्यात गेलेली. समोरचा माणूस खिशात हात घालतो कसा, यावरून तिकीट आहे की नाही ते मी सांगायचो. निवृत्त झाल्यावर सोलापूरच्या घरात बसून बायकोच्या डब्यांची झाकणं तपासायला लागलो, तेव्हा तिनंच ओळख काढून मला सांगोल्याकडच्या या मालकांकडे व्यवस्थापक म्हणून धाडलं.

मालक डाळिंबवाले. त्यांच्या वडिलांनी स्वतःच्या रानात ओढा अडवून मातीचं धरण बांधलं होतं. धरण म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे उजनी येईल, पण हे तसलं नव्हे. दोन टेकाडांच्या मधे तीन पुरुष उंचीचा मातीचा भराव, एका अंगाला जादा पाणी जायला सांडवा आणि मागे तळं. मालकांनी त्या तळ्यात बदकाच्या आकाराच्या पायडलच्या बोटी सोडल्या, भरावाच्या पायथ्याला जेवणाचा मांडव घातला आणि फाट्यावर कृषी पर्यटनाची पाटी लावली. आण्णा थोरल्या मालकांच्या काळापासूनचे तळ्याचे राखणदार.

एक दिवस मी सरळ बाटली हिसकावून वास घेतला. वास ओल्या मातीचा होता.

"गळतीचं पाणी हाय, चेकरसायेब," आण्णा म्हणाले. पायथ्याच्या चरात करंगळीएवढी धार यायची, ती त्यांनी दाखवली. "मातीचं धरण थोडंफार गळायचंच. निवळ गळतंय तवर भ्या न्हाय. गढूळ आलं की समजायचं, आतनं माती चालली."

मला पटलं नाही. खोटा पास दाखवणाराही इतक्याच शांतपणे दाखवतो.

माणूस होताच तसा संशय यावा असा. भरावावर अनवाणी फिरायचे, मधेच वाकून खेकड्याच्या बिळात काडी घालायचे. बोटीत बसायला आलेल्या प्रत्येकाला विचारायचे, "पवता येतंय का?" येतं म्हणणाऱ्याला आधी जाकीट. "ज्याला येतंय त्योच बुडतोय," म्हणायचे. मालकांचे मेव्हणे एकदा जाकीट न घालता बोटीत चढले. आण्णांनी दोर सोडलाच नाही. मेव्हणे अर्धा तास काठाला बांधलेल्या बदकात पायडल मारत बसले आणि शेवटी जाकीट मागून घेतलं.

पाहुण्यांना सावली हवी म्हणून मी भरावावर गुलमोहराची वीस रोपं लावली. चार दिवसांत वीसच्या वीस गायब. विचारलं तर आण्णा म्हणाले, "मीच उपटली. झाडाचं मूळ मेलं की आत बोळ पडतोय. पाणी त्याच बोळाची वाट बघत असतंय." रोपं त्यांनी फाट्यावरच्या देवळामागं लावली होती. मी जाऊन मोजली. अठरा भरली. दोन कुठे गेली, हा प्रश्न मी मनात जपून ठेवला.

आणि मग पोत्यांचं प्रकरण झालं. आमच्या या मुलखाची एक खोड तुम्हाला सांगितली पाहिजे. इथं माणसं टँकरच्या मागं घागरी घेऊन वाढली आहेत. सांडव्यावरून निघालेलं पाणी यांना वाया चाललेलं दिसतं. त्यामुळे पावसाळ्यात सांडव्याच्या तोंडावर मातीची पोती रचून दोन फूट पाणी जादा धरायचं, हे शहाणपणच समजलं जातं. मालकांनीही तेच केलं. बोटींनाही पाणी लागत होतंच.

पोती मी मोजून रचून घेतली होती. आठवड्यात त्यांतली सहा कमी झाली आणि सांडव्यातून पाणी वाहू लागलं. ते ओढ्यानं खाली जात होतं आणि खाली ओढ्याकाठी कुणाचं रान होतं? आण्णांच्या लेकीचं! माझ्यातला चेकर खडबडून जागा झाला. दुसऱ्या दिवशी आडोशाला उभा राहिलो. उजाडता उजाडता आण्णा आले, एक पोतं खांद्यावर घेतलं, तोच मी समोर जाऊन उभा राहिलो.

"लेकीच्या रानाला पाणी का?"

आण्णांनी पोतं खाली ठेवलं. "भरावाला तेवढं पाणी पेलायचं न्हाय, सायेब. मालकाला धा डाव सांगितलं."

मी तेही खोटं धरलं आणि मालकांना सांगितलं. मालक कधी चढ्या आवाजात बोलत नसत. एवढंच म्हणाले, "आण्णा, वय झालं तुमचं. आता घरी आराम करा."

आण्णांनी वाद घातला नाही. जाताना चपटी पंपघराच्या खिडकीत ठेवली आणि मला म्हणाले, "रोज बघत जावा." मला त्याचा रागच आला. मी बाटलीला हात लावला नाही.

पुढे परतीचा पाऊस तीन दिवस धरून राहिला. चौथ्या दिवशी उघडलं. रविवार होता आणि मांडवात चाळीसेक माणसं भाकरी आणि शेंगाचटणी खात होती. तळं पोत्यांच्या काठापर्यंत टेकलं होतं आणि बदकं ऐटीत फिरत होती. मी पंपघरात गेलो आणि का कोण जाणे, ती बाटली उचलली. तपासायची खोड, दुसरं काय!

चरातली धार मनगटाएवढी झाली होती. बाटली भरून उन्हात धरली. पाणी चहासारखं होतं. विसळून पुन्हा भरली. पुन्हा तेच.

मालक लग्नाला सोलापूरला गेले होते, फोन उचलत नव्हते. मी आण्णांना फोन लावला. "आण्णा, गढूळ आलंय."

"मांडवात माणसं हायती?"

"आहेत."

"आदी ती उठवा. फोन ठिवा."

चाळीस माणसं जेवणावरून उठवणं सोपं नसतं. एक गृहस्थ म्हणाले, "निदान भाकरी तरी संपवू द्या." मी आयुष्यात पहिल्यांदा लोकांवर इतका ओरडलो. ती टेकाडावर पोचतात तोवर बोटीही काठाला आल्या आणि आण्णा जावयाच्या मोटरसायकलवरून उतरले. आल्या आल्या त्यांनी लेकीला फोन लावला, "पोरं, जनावरं घिऊन वरच्या वस्तीवर जा. सांडवा मोकळा करतूय." मग सांडव्यात उतरले.

मला राहवलं नाही. "आण्णा, खाली लेकीचं रान…"

"व्हय. मागल्याच आठवड्यात कांदा लावून झालाय तिचा," ते म्हणाले आणि त्यांनी पहिलं पोतं ओढलं.

मी त्यांच्या शेजारी उतरलो आणि दुसरं ओढलं.

पाणी ओढ्यात धावलं. कामावरच्या गड्यांना घेऊन आण्णा पायथ्याला आले. मी म्हटलं, भोकात माती कोंबून टाकू. ते अंगावरच आले. "बुजवायचं न्हाय! बुजवलं तर शेजारनं फुटंल. पाणी यिऊ दे, निस्ती माती धरायची." आधी वाळू, तिच्यावर बारीक खडी, तिच्यावर दगड, असा ढीग त्यांनी त्या धारेवर रचून घेतला. तळं हळूहळू उतरलं. दुपारी चारला बाटलीतलं पाणी निवळलं आणि आण्णा चराच्या काठावर बसले.

"हितं जुना ओढा व्हता," ते म्हणाले. "भराव घातला तवा हितली माती ठोकायचा धुमस माझ्याकडं व्हता. आभाळ भरून आलं, पाणी अडवायची समद्यास्नी घाई. म्हणलं, ऱ्हाऊ दे दोन थर, आपसूक बसतील. न्हाय ठोकली माती."

"मालकांना कधी सांगितलंत?"

"लाज वाटली. मग माझं मीच बघत ऱ्हायलो."

इतकी वर्षं हा माणूस बाटलीतून स्वतःची चूक बघत होता आणि मी तिच्यात दारू शोधत होतो. लेकीचा कांदा एव्हाना पाण्याखाली गेला होता. मला लाज वाटली, फार वाटली, आणि मी तसं बोलूनही दाखवलं. आण्णा हसले. "संशय चांगला हाय की तुमचा. निस्ता माणसांवर वाया घालवू नगा."

पुढे मालकांनी जाणकार माणूस बोलावून ती जागा उकरून पक्की केली, मांडव टेकाडावर नेला आणि पोत्यांचं नाव काढणं सोडलं. आण्णांना परत या म्हणून स्वतः घरी गेले. आण्णा आले नाहीत. "चेकरसायेब हायत की," म्हणाले. पण सकाळी आठला माझा फोन झाला नाही तर त्यांचा यायचा. "काय दिसतंय?" मी म्हणायचो, "निवळ." "मग ठिवा."

मी खोटं सांगत नाही ना, हे तपासायला ते अधूनमधून विचारायचे, "बाटली उजव्या हातात हाय का डाव्या?" उत्तर अडखळलं की पुन्हा बघायला लावायचे. मला ते फार आवडायचं.

गेल्या थंडीत एका सकाळी फोन लेकीनं उचलला. "आण्णा पहाटं गेलं वो," ती म्हणाली. मी चरापाशीच उभा होतो. बाटली भरलेली होती. ती उन्हात धरून कुणाला काय सांगायचं ते मला कळेना. मी अंत्यविधीला गेलो. ओढ्याकाठचं ते कांद्याचं रान तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. बुडालेल्या पिकाबद्दल लेक कधी एक अक्षर बोलली नाही.

पुढचे बरेच दिवस मी सकाळी बाटली बघायचो आणि नुसताच परत यायचो. मग एकदा आठ वाजून गेल्यावर फोन वाजला. आण्णांचाच नंबर.

"फोन न्हाय येत तुमचा," लेक म्हणाली. आवाजात बापाचाच संशय. "आमी खाली ऱ्हातो म्हटलं. बघताय न्हवं रोज?"

"बघतो, ताई. आत्ताच बघतोय."

"कुटल्या हातात हाय बाटली?"

"उजव्या."

"मग, काय दिसतंय?"

मी एक डोळा मिटला आणि बाटली उन्हात धरली. दुसरा डोळा भरून आला होता, म्हणून जरा वेळ लागला.

"निवळ आहे," मी म्हणालो.

"मग ठिवा."