गोऱ्हेमामांचा र

समजा, व्हॉट्सॲपवर आलेल्या मजकुराची लग्नपत्रिका तुम्हाला छापायची आहे. नावानावामागं गुलाब, जोडलेले हात, शिवाय डोळ्यांना न दिसणारी कसली कसली चिन्हं. छापताना त्या सगळ्यांचे रिकामे चौकोन होतात. एकेक खोडत बसाल?

पाथर्डीत अजिनाथभाऊंच्या छपाईच्या दुकानात सुकन्या दोन वर्षं तेच करत बसली होती. मग तिनं दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहिला आणि त्याला नाव दिलं ‘चाळण’. नियम इंटरनेटवरून जसाच्या तसा उचललेला : इंग्रजी अक्षरं आणि आकडे ठेव, बाकी सगळं काढ. पहिल्याच पत्रिकेत उरले फक्त मोबाईल नंबर.

“लगीन नंबरांचं हाय का मानसांचं?” अजिनाथभाऊंनी विचारलं.

तिनं चाळणीला मराठी अक्षरं ओळखायला शिकवली. चौकोन गेले. लंकाबाईच्या पोरीच्या पत्रिकेचा नमुना तर एकदम स्वच्छ निघाला.

दुसऱ्या दिवशी लंकाबाई भावाला घेऊन दुकानात हजर. भाऊ म्हणजे सूर्यभान गोऱ्हे, नवरीचा एकुलता एक मामा. त्यांनी नमुन्यावर बोट आपटलं. तिथं छापलं होतं : ‘गोर्हे’.

“पोरी, आमच्या र ला ह च्या डोक्यावर कुनी बसवला? हा कोन गोर्हे हाय, त्यालाच सांगा नवरीला मंडपात आनायला. आमी न्हाई येत!”

“बाई, कायतरी कर गं,” लंकाबाई रडकुंडीला आली. “एकच भाऊ हाय मला.”

“ती चाळन आदी फेकून दे,” अजिनाथभाऊ म्हणाले.

सुकन्यानं मूळ मजकूर उघडला. तिथं मामांचा र जागेवर होता. कॉम्प्युटरनं त्या नावात सात चिन्हं मोजली. चाळणीतून आल्यावर सहा. र आणि ह यांच्यामध्ये एक न दिसणारं चिन्ह अर्ध्या र ला धरून बसलं होतं. चाळणीनं त्याला कचरा समजून हाकललं आणि र थेट ह च्या डोक्यावर जाऊन बसला. तसं ‘वऱ्हाड’चंही ‘वर्हाड’ झालं होतं, पण वऱ्हाडाच्या वतीनं भांडायला कुणी आलं नव्हतं.

तिनं एक ओळ वाढवली : हे चिन्ह अर्ध्या र ला चिकटून असेल, तर हात लावू नकोस.

नवा नमुना मामांनी चष्मा लावून पाहिला. “आत्ता उतरला खाली! येतो मी लग्नाला.”

लंकाबाईनं पदरानं डोळे पुसले. चाळण वाचली. सुकन्या मात्र अजून पडद्याकडंच बघत होती. न दिसणारी, पण काढली की रुसणारी अशी आणखी किती चिन्हं असतील?